ऑनलाइन शिक्षण, सोशल मीडिया आणि नवी टेक्नॉलॉजी यावरचा रिसर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलवर, मेसेजमधून, लेक्चर संपल्यावर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. विचारणारे पीएचडी करणारे आहेत, शिक्षक आहेत, काही पालक आहेत, काही स्वतः ऑनलाइन कोर्स करणारे आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. सलग वाचायची गरज नाही, प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे नंबर दिलाय.

१. मॅडम, तुमचा रिसर्च नक्की कशावर आहे? तुम्ही सॉफ्टवेअर बनवता का?

नाही, सॉफ्टवेअर बनवत नाही. लोक ऑनलाइन शिकतात किंवा शिकवतात तेव्हा प्रत्यक्षात काय करतात, कुठे अडतात, मदत कोणाकडे मागतात, कशामुळे सोडून देतात, हे मी बघते. एकीकडे नव्याने येणारी टेक्नॉलॉजी, दुसरीकडे सोशल मीडिया, म्हणजे विद्यार्थी आणि प्राध्यापक तिथे कसे वावरतात. दोन्हीकडे मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की एखादं ॲप काय काय करू शकतं यावरून शिकणारा माणूस काय करतो ते कळत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं, आणि नीट विचारायला वेळ लागतो.

२. इमर्जिंग टेक्नॉलॉजी म्हणजे नवीन टेक्नॉलॉजीच ना? मग दोन वर्षं जुनं ॲप त्यात धरायचं का?

किती जुनं आहे यावर ते ठरतच नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो नावाची कॉम्प्युटरवर शिकवायची सिस्टिम सुरू झाली आणि १९७३ पर्यंत तिच्यावर चर्चेचा फोरम होता, एकाच वेळी अनेकांनी चॅट करायची सोयसुद्धा होती. म्हणजे ऑनलाइन चर्चा ही गोष्ट पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे, तरी ज्या संस्थेत ती पहिल्यांदा येते तिथे सगळे चाचपडतच असतात.

मी बघते ते हे, की वापर अजून स्थिरावलाय का, परिणाम नीट कळलेत का, त्यावरचा अभ्यास विखुरलेला आहे का, आणि त्याबद्दल केलेले मोठमोठे दावे अजून सिद्ध व्हायचे आहेत का. या सगळ्याला उत्तर "अजून नक्की नाही" असं आलं तर माझ्या दृष्टीने ते इमर्जिंग. त्यामुळे एकच साधन एका विद्यापीठात रोजच्या वापरातलं असू शकतं आणि दुसरीकडे इमर्जिंग असू शकतं. प्रबंधात व्याख्या लिहिताना कुठे, कोणासाठी हे लिहाच, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

३. शेवटी एक सांगा, ऑनलाइन शिकणं वर्गात शिकण्यापेक्षा चांगलं की वाईट?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि माझं म्हणणं असं की प्रश्नच असा विचारू नये. कारण सांगते.

१९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनी ठामपणे मांडलं की माध्यम हे फक्त वाहन असतं, किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण बदलत नाही तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही, बदलतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. रॉबर्ट कोझमा यांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं की माध्यमाच्या काही क्षमता असतात आणि त्या पद्धतीपासून वेगळ्या काढता येत नाहीत, आणि १९९४ मध्ये हा वाद परत जोरात रंगला. मधल्या काळात तुलना करणारे अभ्यास येतच राहिले. थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये असे ३५५ रिपोर्ट गोळा केले ज्यात दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक सापडत नव्हता.

मग अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये एक मोठा आढावा काढला, २०१० मध्ये तो सुधारून परत आला. त्यात ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी सरासरी थोडी बरी दिसली, आणि ऑनलाइन अधिक समोरासमोर असं मिश्र शिकवलेल्यांची आणखी बरी. हे वाक्य लोक उचलतात आणि तिथेच थांबतात. त्याच रिपोर्टमध्ये पुढे स्पष्ट लिहिलंय की मिश्र गटांना बरेचदा जास्त वेळ, जास्त साहित्य आणि आपसात बोलायची जास्त संधी मिळाली होती, त्यामुळे फरक माध्यमाचा आहे असं म्हणता येत नाही. शिवाय त्यातले बहुतेक विद्यार्थी शाळेतले नव्हते, कॉलेजचे आणि त्यापुढचे होते, म्हणजे सहावीतल्या मुलाबद्दल त्यावरून काही बोलणं धोक्याचंच.

म्हणून विचारायचं असेल तर असं विचारा : हा विषय, हे विद्यार्थी, इतका वेळ, शिक्षक इतके आणि त्यांची तयारी अशी, तर यातलं काय ऑनलाइन केलं की जमेल आणि काय केलं की फसेल.

४. पण २०२० मध्ये सगळ्यांनी ऑनलाइन शिक्षण अनुभवलंच की, आणि ते बोअर होतं. अजून काय पुरावा पाहिजे?

तेव्हा जे झालं ते हाल होते हे कोणीच नाकारत नाही, पण ते वेगळं प्रकरण होतं. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला इमर्जन्सी रिमोट टीचिंग असं वेगळं नाव दिलं, कारण विचारपूर्वक बांधलेला ऑनलाइन कोर्स तयार व्हायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात असं त्यांनी लिहिलं, आणि इथे शिक्षकांना काही दिवसांत, काही ठिकाणी एका वीकेंडमध्ये सगळं हलवावं लागलं. साठ मिनिटांचं लेक्चर जसंच्या तसं व्हिडिओ कॉलवर नेलं की काय होतं ते आपण पाहिलं. त्या काळाचा अभ्यास जरूर करा, संकटात शाळा कशा चालल्या हे कळायलाच हवं, फक्त त्याचा निष्कर्ष "ऑनलाइन शिक्षण असं असतं" असा काढू नका.

५. सोशल मीडिया तर टाइमपासची जागा, त्याचा शिक्षणाशी काय संबंध?

टाइमपास होतोच, पण तिथेच अभ्यासाच्या नोट्स फिरतात, परीक्षेच्या आदल्या रात्री शंका विचारल्या जातात, "मला काहीच कळत नाहीये" असं कोणीतरी लिहितं आणि तीन जण "मलाही" म्हणतात. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये एक मॉडेल मांडलं, त्यात ऑनलाइन शिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात असं म्हटलंय : विचार करायला लावणारं काम, शिक्षकाचं अस्तित्व जाणवणं, आणि पलीकडे खरी माणसं आहेत ही जाणीव. ही तिसरी गोष्ट कॉलेजच्या अधिकृत सिस्टिममध्ये बरेचदा तयार होत नाही आणि मग विद्यार्थी ती स्वतःच्या ग्रुपवर तयार करतात.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्याच ग्रुपवर एखाद्याची टिंगल होते, चुकीचं उत्तर सगळ्यांकडे पोचतं, आणि जो ग्रुपमध्ये नाही तो मागे पडतो.

६. मग वर्गासाठी चर्चा कुठे घेऊ? व्हॉट्सॲप, फेसबुक ग्रुप, की कॉलेजच्या पोर्टलवरचा फोरम?

सरसकट उत्तर नाही पण माझं मत आहे. मार्क, हजेरी, सबमिशन, म्हणजे ज्यावर विद्यार्थ्याचं काही अवलंबून आहे ते सगळं कॉलेजच्या सिस्टिमवरच ठेवा. कोणालाही खाजगी कंपनीचं अकाउंट काढायची सक्ती करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तर फोन नंबर सगळ्यांना दिसतो, आणि वर्गातल्या प्रत्येकीला तो सगळ्यांना द्यायचा असतोच असं नाही. गप्पा, आठवण करून देणं, एकमेकांना मदत यासाठी ग्रुप असू दे, पण ज्याला नको त्याचं काही बुडणार नाही अशी व्यवस्था पाहिजे.

आणि विद्यार्थ्यांचा स्वतःचा ग्रुप असेल तर तुम्ही त्यात जायचा हट्ट करू नका. शिक्षक आले की तिथलं मोकळं बोलणं थांबतं, आणि ते बोलणंच त्यांच्या उपयोगाचं असतं. (संशोधक म्हणून जायचं असेल तर १२ बघा.)

७. फोरमवर निम्मे विद्यार्थी काहीच लिहीत नाहीत, फक्त वाचतात. ते शिकत नाहीयेत असं धरू का?

नका धरू. न लिहिणाऱ्यांची कारणं विचारली की निघतात ती अशी : जे म्हणायचं होतं ते कोणीतरी आधीच लिहिलंय, भाषेची भीती वाटते, चुकलं तर कायमचं दिसत राहील, फोनवर लांब टाइप करायचा कंटाळा येतो, किंवा खरंच वाचलेलं नाही. ही पाच वेगळी माणसं आहेत आणि डॅशबोर्डवर सगळ्यांपुढे शून्य दिसतं. "प्रत्येकाने एक पोस्ट आणि दोन रिप्लाय" हा नियम लावला की आकडा वाढतो, पण "छान मांडलंस, मी सहमत आहे" अशा रिप्लायने फोरम भरतो. चर्चेचा प्रश्न असा ठेवा की एक उत्तर आल्यावरही दुसऱ्याला सांगण्यासारखं काही उरेल, मग बघा फरक पडतो का.

८. मोफत मोठे ऑनलाइन कोर्स, म्हणजे मूक (MOOC), त्यात नव्वद टक्के लोक अर्ध्यात सोडतात. मग तो प्रयोग फसलाच ना?

आधी थोडा इतिहास. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातून एक कोर्स घेतला, फी भरलेले विद्यार्थी २५ आणि फुकट सामील झालेले २,२०० च्या वर, आणि डेव्ह कॉर्मिए यांनी त्या प्रकाराला मूक हे नाव दिलं. त्या कोर्समध्ये लोक स्वतःच्या ब्लॉगवर लिहायचे, एकमेकांना शोधून वाचायचे, सगळं पसरलेलं. मग २०११ मध्ये स्टॅनफर्डचा आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स खुला झाला, सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांचा, आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं. २०१२ मध्ये कोर्सेरा, एडएक्स, युडॅसिटी आले आणि पेपरात विद्यापीठं बंद पडणार असं छापून यायला लागलं. नाव तेच राहिलं पण वस्तू बदलली, लोकांनी एकमेकांकडून शिकण्याऐवजी व्हिडिओ बघायचा आणि क्विझ द्यायची.

आता सोडून देण्याबद्दल. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी पहिल्या वर्षातल्या १७ कोर्सेसचा डेटा २०१४ मध्ये जाहीर केला. नोंदण्या ८,४१,६८७, सर्टिफिकेट मिळालेले ४३,१९६, म्हणजे पाच टक्के. पण त्याच रिपोर्टमध्ये आणखी आकडे आहेत ज्यांच्याकडे कोणी बघत नाही : २,९२,८५२ नोंदण्या अशा की त्यांनी कोर्सचं साहित्य उघडलंच नाही, आणि ३५,९३७ अशा की अर्ध्यापेक्षा जास्त कोर्स पाहिला पण सर्टिफिकेट घेतलं नाही. या दुसऱ्या गटाला नापास म्हणायचं का? एखादी नर्स संख्याशास्त्राचे फक्त दोन आठवडे बघते कारण तिला तिच्या कामापुरतं तेवढंच हवं होतं, तिच्यासाठी कोर्स यशस्वी झाला, टक्केवारीत मात्र ती "सोडलेली" दिसते.

तरीसुद्धा मूक यशस्वी झाले असं मी म्हणणार नाही. जगातल्या ज्यांना शिक्षण मिळत नाही त्यांच्यापर्यंत पोचू असं सांगितलं होतं, आणि आलेल्यांत आधीच पदवी असलेल्यांचं प्रमाण खूप मोठं निघालं. खरं अपयश मला ते वाटतं, सोडून जाण्याची टक्केवारी नाही.

९. प्रत्येक क्लिकचा डेटा मिळतो, मग मुलाखती घेत बसायची काय गरज?

कारण क्लिक म्हणजे शिकणं नाही. समजा लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या क्लिकच्या नोंदीत, दिसतंय की एक विद्यार्थी व्हिडिओच्या चौथ्या मिनिटाला थांबला आणि पंचवीस मिनिटांनी परत सुरू केला. सिस्टिम म्हणेल लक्ष उडालं. त्याला विचारलंत तर कदाचित तो वही काढून दाखवेल, चौथ्या मिनिटाचं समीकरण त्याने स्वतः तीन वेळा सोडवून बघितलंय, बाजूला पेन्सिलीने लिहिलंय "हे उणे का?", आणि त्याचा फोटो काढून मित्राला पाठवलाय. सगळं शिकणं त्या पंचवीस मिनिटांत झालं आणि लॉगमध्ये तिथे काहीच नाही. हे उदाहरण समजावण्यापुरतं आहे, पण २०१५ मध्ये जॉर्ज वेलेत्सियानोस आणि सहकाऱ्यांनी मूक करणाऱ्यांच्या मुलाखतींवर नेमका असा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कोर्सच्या बाहेरच्या सोशल नेटवर्कवरचा वावर, नोट्स काढणं, आणि साहित्य कुठे, कोणत्या परिस्थितीत बघितलं जातं, या तीन गोष्टी पुढे आल्या. तिन्ही प्लॅटफॉर्मच्या नजरेबाहेरच्या.

याचा अर्थ लॉग टाकून द्या असा नाही. हजारो लोकांमध्ये कुठे गळती होते ते लॉगच दाखवतो, वीस मुलाखतींतून ते दिसणार नाही. माझा आग्रह एवढाच की लॉगमध्ये काहीतरी विचित्र दिसलं की त्याचा अर्थ ऑफिसात बसून लावू नका, पाच-सहा जणांना फोन करा.

१०. आजची मुलं डिजिटल नेटिव्ह आहेत, त्यांना हे सगळं येतंच ना?

ही कल्पना मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये मांडली आणि ती फार पसरली, पण २००८ मध्ये बेनेट, मेटन आणि कर्व्हिन यांनी पुरावे तपासले तर एका वयाच्या मुलांमध्येच प्रचंड फरक आहेत असं दिसलं. रील टाकता येणं वेगळं आणि सर्चमधून आलेल्या दहा लिंकपैकी भरवशाची कुठली हे ठरवता येणं वेगळं, दुसरं शिकवावंच लागतं. या कल्पनेने नुकसान दोघांचं होतं, ज्या मुलाला येत नाही तो लाजेने विचारत नाही आणि वयाने मोठा शिक्षक आधीच हार मानतो.

११. पोस्ट पब्लिक आहे, कोणीही वाचू शकतं. मग रिसर्चमध्ये वापरायला परवानगी कशाला?

दिसतंय म्हणून वापरता येतं असं नसतं. पंचेचाळीस फॉलोअर असलेली विद्यार्थिनी रात्री लिहिते की "या कोर्समुळे मला रडायला येतंय", ती आपल्या मैत्रिणींशी बोलत असते, तुमच्या पेपरशी नाही. इंटरनेट रिसर्च करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एओआयआरने, २००२, २०१२ आणि २०१९ मध्ये नैतिकतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पब्लिक की प्रायव्हेट एवढ्यावर थांबू नका, लिहिणाऱ्याची अपेक्षा काय होती आणि त्याचं काय नुकसान होऊ शकतं ते बघा असं सांगितलंय.

नाव काढलं की झालं असंही नाही. २००८ मध्ये एका कॉलेजच्या पूर्ण बॅचचा फेसबुक डेटा "ओळख पुसून" संशोधकांसाठी खुला केला होता, आणि कॉलेज कुठलं ते थोड्याच दिवसांत उघड झालं, हार्वर्ड, तेसुद्धा डेटासोबत दिलेल्या माहितीवरून. आणि पोस्ट शब्दशः छापली तर सर्चमध्ये टाकून माणूस काही सेकंदात सापडतो. म्हणून मी विद्यार्थ्यांच्या पोस्ट शब्दशः देत नाही, आशय सांगते, किंवा त्या व्यक्तीला विचारून देते.

मोठ्या पदावरचा माणूस किंवा संस्था आपल्या अधिकृत अकाउंटवरून बोलते तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे नावासकट उद्धृत करणंच योग्य.

१२. माझ्याच विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये मी संशोधक आहे हे न सांगता सामील झाले तर? सांगितलं तर ते नैसर्गिक वागणार नाहीत.

नाही. बंद ग्रुप असेल तर हे करायचंच नाही, एथिक्स कमिटी काय म्हणेल तो नंतरचा भाग. वागणं बदलतं ही अडचण खरी आहे, पण त्यावर उपाय आहेत. ग्रुपमध्ये न जाता सदस्यांच्या मुलाखती घ्या. किंवा त्यांना सांगा की तुम्हाला योग्य वाटतील ते स्क्रीनशॉट, इतरांची नावं पुसून, तुम्हीच निवडून द्या. किंवा ओळख सांगून बरेच दिवस राहा, सुरुवातीचा संकोच हळूहळू कमी होतो.

न सांगता केलेल्या रिसर्चचं काय होतं ते २०१४ मध्ये दिसलं. फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी आणि दुःखी पोस्ट कमी-जास्त करून भावनांवर काय परिणाम होतो ते पाहिलं, लोकांना माहीतच नव्हतं. परिणाम अगदी बारीक निघाला, गदारोळ मात्र प्रचंड झाला, आणि ज्या जर्नलने पेपर छापला त्यालाच संमतीच्या मुद्द्यावर चिंता व्यक्त करणारी नोंद छापावी लागली. आणि तुम्ही तर त्या विद्यार्थ्यांच्या शिक्षिका आहात, विश्वास गेला तर वर्गातही जातो.

१३. डेटा गोळा केल्यावर एखाद्याने पोस्ट डिलीट केली तर?

मी डिलीट म्हणजे माघार असं समजते. पेपर पाठवायच्या आधी एकदा सगळ्या पोस्ट अजून जागेवर आहेत का ते तपासते, आणि गेलेल्या काढून टाकते. हजारो पोस्टचं नुसतं एकूण प्रमाण काढत असाल तर प्रत्येक पोस्टसाठी आकडा परत काढणं जमेलच असं नाही, तेव्हा निदान त्या पोस्टचा मजकूर साठवून ठेवू नका आणि डेटासेट खुला करताना ती त्यात जाऊ देऊ नका. अवघड कधी होतं, तर पोस्ट डिलीट होणं हाच अभ्यासाचा विषय असतो तेव्हा, उदाहरणार्थ ट्रोलिंगनंतर शिक्षक काय पुसून टाकतात. तिथे संमतीशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१४. ट्विटरचा डेटा आता मिळत नाही, माझा सिनॉप्सिस मंजूर झालाय. काय करू?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आवाजातला ताण कळतो. ट्विटरने २०२३ मध्ये एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅम लिहून थेट डेटा उतरवून घ्यायचा, फुकट मिळणारा मार्ग बंद केला, त्याच वर्षी जुलैमध्ये नावही एक्स झालं. फेसबुकच्या कंपनीने, मेटाने, पब्लिक पोस्ट शोधायचं क्राउडटँगल हे टूल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टच्या कलम ४० मध्ये संशोधकांना डेटा मिळण्याची तरतूद आहे, पण ती मोठ्या प्लॅटफॉर्मपुरती आहे आणि विषय समाजावरच्या ठराविक धोक्यांशी जोडलेला असावा लागतो.

व्यवहार्य रस्ता म्हणजे डेटा डोनेशन. बहुतेक प्लॅटफॉर्म वापरणाऱ्याला स्वतःचा डेटा डाउनलोड करू देतात, तर तीस-चाळीस जणांना विनंती करा, त्यांनी स्वतः डाउनलोड करून नको ते काढून तुम्हाला द्यावं, आणि ती फाइल समोर ठेवून तुम्ही त्यांची मुलाखत घ्यावी. संख्या कमी होईल पण संमती पक्की आणि अर्थही कळेल (९ मध्ये म्हटलं तसं). गाइडशी लवकर बोला, प्रश्न थोडा बदलावा लागेल, "लाखो ट्वीटमध्ये काय दिसतं" ऐवजी "हे शिक्षक असं का करतात". साइटवरून चोरून डेटा उचलून (स्क्रेप करून) देणारी टूल्स वापरू नका, नियम मोडला जातोच आणि नमुना कसा निवडला हे परीक्षकांपुढे सांगताही येत नाही.

१५. शिक्षक म्हणून मी सोशल मीडियावर असावं का? विद्यार्थ्यांच्या रिक्वेस्ट घेऊ का?

सक्ती कोणाचीच नसावी, संस्थेचीही. फायदे आहेत, दूरदूरचे सहकारी भेटतात, पेपरवर छापायच्या आधी चर्चा होते, एकटं शिकवणाऱ्याला सोबत मिळते. अडचण अशी की तिथे विद्यार्थी, बॉस, नातेवाईक, अनोळखी माणसं सगळी एकाच वेळी ऐकत असतात, डॅना बॉइड आणि ॲलिस मारविक यांनी यावर बरंच लिहिलंय. रॉयस किमन्स आणि वेलेत्सियानोस यांनी २०१४ मध्ये शिक्षक होऊ घातलेल्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की लोक तिथे खोटं वागत नाहीत, पण स्वतःचा स्वीकारला जाईल असा तुकडाच दाखवतात. म्हणून शिक्षकाचं प्रोफाइल बघून तो माणूस कळला असं संस्थांनी समजू नये.

महिला संशोधकांचा अनुभव तर आणखी वेगळा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन छळ सोसलेल्या महिला संशोधकांच्या मुलाखती होत्या, स्वतःला वाचवणं आणि विरोध करणं यासोबत सहन करणं आणि स्वतःलाच दोष देणं हेही त्यात सापडलं. विद्यापीठं "ऑनलाइन दिसा, रिसर्च पोचवा" असं सांगतात तेव्हा त्रास झाला तर कोणाला फोन करायचा हेही सांगायला हवं, आणि ते सांगितलं जात नाही याचा मला राग येतो.

रिक्वेस्टबद्दल : विद्यार्थी तुमच्याकडून मार्क घेणार आहे तोवर नको, आणि नियम सगळ्यांना सारखा.

१६. ऑनलाइन परीक्षेत कॅमेरा आणि खोलीचं स्कॅनिंग आवश्यकच नाही का, नाहीतर कॉपी होणारच?

खोली ही विद्यार्थ्याची खाजगी जागा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या फेडरल कोर्टाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात परीक्षेआधी केलेलं असं स्कॅनिंग घटनाविरोधी झडती ठरवलं. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर त्या सगळ्यांची संमती कोणी घेतली? लहान लहान चाचण्या, पुस्तक उघडून सोडवायचे प्रश्न, पाच मिनिटांची तोंडी, यातून बरंच साधतं. जिथे परवान्याची परीक्षा आहे, उदाहरणार्थ डॉक्टर किंवा पायलट, तिथे सरळ केंद्रावर घ्या.

१७. चॅटजीपीटी आल्यावर हा सगळा जुना रिसर्च कालबाह्य झाला का?

३० नोव्हेंबर २०२२ नंतर हा प्रश्न थांबलाच नाही. मला उलट वाटतं, आत्ताच तो जुना रिसर्च जास्त लागतोय. संगणकाशी बोलताना माणसं त्याला मन आहे असं समजून मोकळी होतात हे जोसेफ वायझनबॉम यांच्या एलायझा प्रोग्रॅमपासून, म्हणजे १९६६ पासून माहीत आहे. शिकवणाऱ्या आभासी पात्रांवर १९९० च्या दशकापासून काम झालंय. "प्रत्येकाला खाजगी शिक्षक" या जाहिरातींमागे बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा दोन सिग्माचा दावा असतो, म्हणजे एकट्याला शिकवलं तर विद्यार्थी नेहमीच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी (सिग्मा) पुढे जातो, पण २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी आढावा घेतला तेव्हा माणसाच्या शिकवणीचाही परिणाम त्याच्या निम्म्याहून कमी निघाला, ०.७९, आणि चांगल्या संगणकीय ट्यूटरचा जवळपास तेवढाच, ०.७६.

एक कळकळीची विनंती, एआय पकडणाऱ्या टूलच्या भरवशावर विद्यार्थ्याला दोषी ठरवू नका. ओपनएआयने स्वतःचं असं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध अशा टूल्सना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनने लिहिलेले ठरवले गेले. ते माणसांनीच लिहिले होते.

१८. मी नवीन ॲप एका बॅचवर वापरलं, मार्क वाढले. पेपर होईल का?

तेवढ्यावर नाही. नवीन गोष्टीचा उत्साह सुरुवातीला असतोच, तो काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून सेमिस्टरच्या शेवटी परत मोजा. ॲप वापरणारे स्वतःहून पुढे आले असतील तर ते आधीच उत्साही होते. आणि नवीन बॅचला तुम्ही स्वतः जास्त वेळ दिलात का ते प्रामाणिकपणे तपासा, ३ मधल्या रिपोर्टमध्ये हीच अडचण होती. दुसरी बॅच घेऊन तुलना करता येत नसेल तर तुलनेचा नाद सोडा, ॲप वापरताना काय झालं, कोणी का वापरलं नाही, तुम्ही मध्येच काय बदललंत आणि का, हे बारकाईने लिहा. डिझाइन बेस्ड रिसर्च याच प्रकारचं काम आहे, ॲन ब्राउन आणि ॲलन कॉलिन्स यांनी १९९२ पासून ते मांडलं. असा पेपर मी तरी आवडीने वाचते.

१९. आणि ॲपच्या कंपनीनेच रिसर्चला पैसे दिले असतील तर?

घेऊ नयेतच असं मी म्हणणार नाही, पण सही करायच्या आधी करारात तीन गोष्टी बघा : निकाल विरोधात गेला तरी छापायचा हक्क तुमचाच राहतो का, छापायच्या आधी कंपनीला मजकूर बदलता येतो का, आणि विद्यार्थ्यांचा डेटा अभ्यास संपल्यावर कोणाकडे राहतो. पहिल्याचं उत्तर नाही असेल किंवा दुसऱ्याचं हो असेल तर सोडून द्या. तिसऱ्याचं उत्तर धूसर असेल तर लेखी स्पष्ट करून घ्या आणि विद्यार्थ्यांच्या संमतीपत्रावर ते त्याच शब्दांत लिहा, कारण पैसे तुम्हाला मिळतायत आणि डेटा त्यांचा जातोय.